तालीक आणि अस्सल

मराठवाड्यातल्या नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल पाहायला लोक लांबून येतात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातल्या त्या बंधाऱ्याचे कौतुक रास्तच आहे. पण त्याच राजवटीने कागदाचीही एक भक्कम बांधणी केली होती, तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. इनाम किंवा वतन देणाऱ्या आदिलशाही कागदांच्या शेवटी अधिकाऱ्याला हुकूम असे की, याची तालीक, म्हणजे नक्कल, लिहून घेऊन अस्सल कागद धारकाकडे परत द्यावा. मूळ कागद रयतेच्या घरी आणि नक्कल सरकारी दप्तरात, अशी ती रीत. गावचे दप्तर कुलकर्ण्याकडे आणि परगण्याचे देशपांड्याकडे असल्याने एकाने आकडा फिरवला तर दुसऱ्याकडच्या नोंदीशी तो जुळत नसे. मराठेशाहीत मजकुराच्या अखेरीस मोर्तब नावाचा शिक्का उठवत, म्हणजे खाली कोणाला एक ओळही वाढवता येऊ नये. वतनाचा तंटा निघाला तर महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, गोताची म्हणजे गावसभेची साक्ष पडे, पाटील नांगराची निशाणी करी आणि बलुतेदार आपापल्या हत्यारांच्या. आज नगरपरिषदेच्या किंवा तलाठ्याच्या संगणकाची सुरक्षा म्हटले की आपण पासवर्डपासून सुरुवात करतो. या मुलखाचा महसुली इतिहास मात्र त्याआधीचा प्रश्न पुढे आणतो: नोंद कोणा एकट्याच्या हाती तर नाही ना?

नळदुर्गला हा प्रश्न वारंवार पडला, कारण इथे राज्ये बदलत राहिली. आदिलशाहीनंतर मोगल आले, मग निजाम. 1853च्या तहाने नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि इंग्रज अधिकारी मेडोज टेलर यांनी इथे कारभार पाहिला, जमीनमोजणीचे काम हाती घेतले. 1860मध्ये मुलूख पुन्हा निजामाकडे आला. 13 सप्टेंबर 1948च्या पहाटे भारतीय फौजांनी बोरीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला आणि काही दिवसांत हैदराबादचे राज्य संपले. राज्य कोणाचेही असो, नवा अंमलदार आला की दप्तर मागतो. किल्ल्याची तटबंदी एका सकाळीत निरुपयोगी ठरू शकते, पण शेत कोणाचे हा वाद पुढे पिढ्यान्‌पिढ्या कागदावरच चालतो. मराठवाड्यात आजही जमिनीच्या वादात 1954-55चे खासरापत्रक, म्हणजे त्या वेळची जमीननोंद, काढून दाखवतात. 2023मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीतून नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महसुली दप्तरांबरोबर शाळांची प्रवेश रजिस्टरे आणि जन्म-मृत्यूच्या नोंदवह्याही चाळाव्या लागल्या, त्यांतल्या कित्येक मोडीत नाहीतर उर्दूत. आरक्षणाबद्दल कोणाचे मत काहीही असो, या कागदांना पुराव्याचे मोल आले ते वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या कामांसाठी ते लिहिले म्हणून.

यावर एक आक्षेप खरा आणि जड आहे. जुनी व्यवस्था न्यायाची नव्हती. लेखणी एका जातीच्या हाती होती, मोडी रयतेला वाचता येत नव्हती आणि निजामाच्या कचेरीतली फारसी, पुढे उर्दू, तर त्याहून परकी. जोतीराव फुल्यांनी कुलकर्ण्यांच्या कागदी लबाडीवर ओढलेला आसूड अनाठायी नव्हता. हे मान्य करूनच म्हणावे लागते की, अस्सल घरात असूनही ते वाचता न येणारा माणूस अर्धाच सुरक्षित होता. म्हणून ज्याची नोंद आहे त्याला ती कळणे, हा सुरक्षेचाच भाग धरला पाहिजे.

दुसरा आक्षेप आजचा आहे: संगणकाने लबाडी अवघड केली. 1 मे 2018पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, फेरफारावर हरकतीला मुदत असते, कोणी कधी काय बदलले याचा माग राहतो. हे सारे खरे आहे आणि मला ते मोलाचे वाटते. पण सहीचा डोंगल साहेबांऐवजी ऑपरेटरच्या खणात राहू लागला तर मोर्तब पुन्हा एकाच हाती गेली. 2025मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील शेंदुरसनी या छोट्या ग्रामपंचायतीच्या नावावर, गावच्या लोकसंख्येच्या कित्येक पट जन्मनोंदी संगणकात आढळल्या. महजरावर गावाच्या निशाण्या लागत, तेव्हा गावाला पत्ता न लागता त्याच्या नावे असा कारभार होणे कठीण होते. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराची यंत्रणा मे 2019मध्ये खंडणीखोरांनी कुलूपबंद केली, तेव्हा घरांच्या खरेदी-विक्रीचे व्यवहार अडकून पडले. पैसा आणि तज्ज्ञ हाताशी असलेल्या शहराची ही गत होते, तर नळदुर्गसारख्या नगरपरिषदेने घरपट्टीची आणि जन्म-मृत्यूची नोंद एकाच जागी ठेवून निर्धास्त राहणे मला पटत नाही.

तंत्रज्ञ यावर बॅकअप सांगतील, आणि तो हवाच. पण बॅकअपही कचेरीच्याच ताब्यात असतो. तो तालीक झाला, अस्सल नव्हे. 2017मध्ये संगणकातला सातबारा हस्तलिखिताशी ताडण्यासाठी चावडीवाचन झाले. ज्याचे शेत त्याच्या कानावर त्याची नोंद पडली आणि चूक असेल तर तिथेच हरकत घेता आली. तसे वाचन दरवर्षी व्हावे, घरपट्टीच्या नोंदीचेही व्हावे, आणि वाचून झालेल्या नोंदीची तारखेची, शिक्क्याची छापील प्रत खातेदाराने घरी न्यावी.