तुळस आणि सब्जा

तुळशीचें नांव निघालें कीं मराठी मनुष्याचें मन पंढरीकडे धांवतें. बीड जिल्ह्यांतील रहिवाशास तर त्यासाठीं फार दूर जावयास नको. आषाढी एकादशीकरितां पैठणाहून निघणारी नाथांची पालखी याच जिल्ह्याच्या डोंगराळ मुलुखांतून पुढें जाते, आणि डोईवर वृंदावन घेतलेल्या स्त्रिया शेतांच्या कडेनें चालतांना दिसतात. त्याच वाटेवरील बांधावर रानतुळस उगवलेली असते. तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. वंश तोच, पण तिला अंगण लाभलें नाहीं!

या वंशास शास्त्रज्ञ 'ओसिमम' म्हणतात. चौकोनी खोड आणि ओठासारखीं फुलें ही पुदिन्याच्या कुळाची खूण तुळशीवरही दिसते. स्वीडनच्या लिनीअसनें १७५३ सालीं तिला 'तेनुइफ्लोरम', म्हणजे नाजुक फुलांची, असें म्हटलें. १७६७ सालीं त्यानेंच 'सँक्टम', म्हणजे पवित्र, हें नांव दिलें. पुढें दोन्ही वनस्पति एकच ठरल्या. आधीचें नांव तें खरें, या नियमानें पावित्र्य चौदा वर्षांच्या उशिरामुळें मागें पडलें. आमच्या वृंदावनास याची वार्ता नाहीं, हें एका परीनें बरेंच.

सब्जा ही तुळशीची सख्खी बहीण. तिचें बीं पाण्यांत फुगतें व उन्हाळ्यांत सरबतांत घालतात, एवढें सर्वांस ठाऊक असतें. परंतु दख्खनेंतील मुसलमान सब्जा कबरीवर लावतात, दर्ग्यांत फुलांसह वाहतात, याची आठवण आम्हांस क्वचितच होते. बीड शहरांत शहेनशाह वलींचा जुना दर्गा आहे, आणि १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. तें राज्य जाण्यापूर्वीं रझाकारांनीं आणि गेल्यावर सूडबुद्धीच्या लोकांनीं मराठवाड्यांत जें केलें, त्याची झळ दोन्हीं समाजांतील निरपराध घरांस लागली.

इतिहासकार सुभे आणि लढाया मोजतात. अंगणें मोजीत नाहींत. मोजलीं असतीं तर एका घरीं तुळस आणि शेजारच्या घरीं सब्जा आढळला असता. हिंदूच्या घरीं अखेरच्या घटकेस मुखांत तुळशीपत्र ठेवतात. मुसलमानाच्या मातीवर सब्जा रुजतो.