शनिवार तेली आणि रविवारचे स्वार

राळेगावाहून वडकीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवसभर मोटारसायकली धावत असतात. कुणाच्या मागे खताचे पोते, कुणाच्या मागे फवारणीचा पंप, तर कुणाच्या मागे दोन मुले आणि त्यांची आई. आमच्या भागात मोटारसायकल हे कामाचे जनावर आहे. बैलाची निम्मी जागा तिने घेतली आहे. त्यामुळे कुठेही पोहोचण्याची निकड नसताना केवळ सोबत्यांसाठी शेकडो मैल मोटारसायकल हाकणे ही कल्पना येथे जराशी चैनीचीच वाटते. त्यातून असे हाकणारे ज्यू आहेत आणि त्यांच्या फिरण्यामागे धर्मादाय हेतू आहे असे सांगितले, तर ऐकणारा क्षणभर आपल्या तोंडाकडे पाहत राहतो. तथापि अशा मंडळांना इतिहास आहे, आणि आपल्या कोकणातील एक जुना इतिहास त्याच्या शेजारी ठेवून पाहिल्यास दोन्हींवर काही वेगळा प्रकाश पडतो, असे आम्हांस वाटते.

ज्यू आणि मोटारसायकल यांची इतिहासातील ठळक गाठ पडली ती १९३० साली. पॅलेस्टाइन तेव्हा ब्रिटिशांच्या अमलाखाली होते. योसेफ येकुतिएली या क्रीडासंघटकाच्या मनात जगभरच्या ज्यू खेळाडूंचे ऑलिंपिकसारखे संमेलन भरवण्याचे होते. पण आमंत्रण द्यायचे कसे? पत्राने दिलेले आमंत्रण टेबलावर पडून राहते. दारात येऊन उभ्या राहिलेल्या धुळीने माखलेल्या स्वाराला मात्र टाळता येत नाही. म्हणून १९३० मध्ये तेल अवीवहून मोटारसायकलस्वारांची एक तुकडी अँटवर्पपर्यंत गेली आणि १९३१ मध्ये दुसरी लंडनपर्यंत. वाटेत जिथे ज्यू वस्ती लागेल तिथे थांबायचे, निरोप सांगायचा आणि पुढे निघायचे, असा क्रम होता. मार्च १९३२ मध्ये तेल अवीव येथे पहिला मक्काबिया भरला. १९३५ च्या दुसऱ्या मक्काबियासाठी आलेल्या खेळाडूंपैकी कित्येक परत गेलेच नाहीत. जर्मनीत तोवर हिटलरची सत्ता स्थिरावली होती. खेळायला आलेल्यांना घरी परतण्यातला धोका दिसत होता.

या स्वाऱ्यांचा खरा अर्थ त्या वेळी कुणालाच ठाऊक असणे शक्य नव्हते. ज्या युरोपातून हे तरुण गेले, तेथील ज्यू वस्त्यांपैकी असंख्य वस्त्या पुढच्या बारा-पंधरा वर्षांत नामशेष झाल्या. खेळाचे आमंत्रण घेऊन गेलेले लोक नकळत त्या वस्त्यांचे शेवटचे पाहुणे ठरले असतील. इतिहासात असे पुष्कळदा होते. जे वर्तमानपत्रातील क्रीडावृत्त म्हणून छापले जाते ते पुढच्या पिढीला मृत्युलेखासारखे वाचावे लागते. २०१५ साली युरोपीय मक्काबी स्पर्धा प्रथमच जर्मनीत, बर्लिनला भरल्या, त्याही १९३६ च्या ऑलिंपिकसाठी नाझींनी उभारलेल्या क्रीडासंकुलात. तेव्हा इस्राएलमधून अकरा मोटारसायकलस्वार मशाल घेऊन निघाले आणि त्या जुन्या स्वारांच्या स्मरणार्थ युरोप ओलांडून बर्लिनला पोहोचले. या प्रवासावर पुढे ‘बॅक टू बर्लिन’ नावाचा माहितीपटही निघाला. १९३० चे स्वार जिवंत वस्त्यांना भेटत गेले होते. २०१५ च्या स्वारांच्या वाट्याला बव्हंशी स्मारके आली.

अमेरिकेतील कथा निराळी. तेथे मोटारसायकल क्लब म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा दांडगा तरुण. १९४७ चा हॉलिस्टर गावचा गोंधळ, १९४८ पासूनचे हेल्स एंजल्स आणि १९५३ च्या ‘द वाइल्ड वन’ मधील मार्लन ब्रँडो यांनी ती प्रतिमा पक्की केली. सज्जन ज्यू दंतवैद्य किंवा हिशेबनीस तेथे कसा शोभावा? या विसंगतीवर ज्यू स्वारांनी शोधलेला तोडगा वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना आवडावा असा आहे, कारण तो विडंबनाचा आहे. न्यू जर्सीतील एका क्लबाने ‘हिलेल्स एंजल्स’ असे नाव घेतले. एका अक्षराच्या फेराने नरकाच्या जागी हिलेल आला, म्हणजे येशूच्या थोडा आधीचा एक थोर धर्मशास्त्री. एका पायावर उभा असेतो सगळे धर्मशास्त्र शिकव, असे आव्हान देणाऱ्याला न रागावता, स्वतःला जे नको ते दुसऱ्याला करू नये असा सार सांगून बाकी भाष्य म्हणून अभ्यासायला लावणारा हा गुरू. (सिग्नलला एक पाय टेकून थांबणाऱ्या स्वारांना याहून योग्य गुरू मिळणे कठीण.) न्यूयॉर्कच्या क्लबाचे नाव रोमन लिपीत आपल्याला ‘चाय रायडर्स’ असे वाचता येईल आणि टपरीवर थांबणारी मंडळी नजरेसमोर येईल, वस्तुतः तो हिब्रू ‘खाय’, म्हणजे जीवन. त्या शब्दाच्या अक्षरांचे मूल्य अठरा होते, म्हणून ज्यू घरांत देणगी अठराच्या पटीत देण्याची रीत आहे.

अशा क्लबांची मिळून ‘ज्यूइश मोटरसायक्लिस्ट्स अलायन्स’ ही संघटना झाली, आणि २००५ पासून ‘राइड टू रिमेंबर’ ही वार्षिक स्मरणयात्रा सुरू झाली. पहिली यात्रा गेली टेनेसी राज्यातील व्हिटवेल या लहानशा गावी. तेथील शाळेतील मुलांनी १९९८ पासून, साठ लाख ही संख्या केवढी असते हे समजून घेण्यासाठी, कागदाला लावायच्या टाचण्या जमवायला घेतल्या होत्या. त्या मुलांत ज्यू जवळपास कुणीच नव्हते. नाझींच्या काळातील एक जर्मन रेल्वेडबा तेथे आणून २००१ मध्ये त्या टाचण्यांचे स्मारक झाले. पुढील यात्रांतूनही नरसंहाराचे शिक्षण देणाऱ्या संस्थांसाठी निधी जमवला गेला.

हिब्रूत ‘हावेर’ म्हणजे मित्र आणि ‘हेव्रा’ म्हणजे मित्रमंडळी, मंडळ. परंतु हा शब्द ज्या जुन्या संस्थेच्या नावात येतो ती ‘हेव्रा कदिशा’ आहे, मृतांना स्नान घालून त्यांचे दफन करणारे मंडळ. मृताची सेवा हीच खरी निर्मळ सेवा मानली जाते, कारण तो परतफेड करू शकत नाही. मारल्या गेलेल्यांच्या आठवणीसाठी चाके फिरवणाऱ्या क्लबाला आम्ही याच वंशावळीत बसवू. मात्र एक खटकते. बाराव्या शतकातील मैमोनिडीझने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरची पायरी गरजूला स्वतःच्या पायावर उभे करण्याची; तिच्या खालची, देणाऱ्याला घेणारा आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नसावा ही. मोटारसायकलींच्या गर्जनेत, पाठीवर डेव्हिडचा तारा मिरवत केलेले दान या पायरीवर बसणार नाही. कदाचित त्यांना बसायचेही नसेल. ज्यांच्या पूर्वजांना तो तारा सक्तीने छातीवर लावावा लागला, त्यांनी तो हौसेने पाठीवर लावावा यात दिखाऊपणाखेरीजही काही आहे.

आता कोकण. बेने इस्राएल लोकांच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली. त्यांचे वंशज गावोगावी तेलाचे घाणे चालवू लागले. आडनावे घेतली ती केहिमकर, पेणकर, राजपूरकर, अष्टमकर अशी, गावांचीच. शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’. या नावात एक अख्खा धर्मग्रंथ सामावला आहे. शनिवारी घाणा बंद, माणसाला विश्रांती आणि आज्ञेप्रमाणे बैलालाही. अमेरिकन स्वार आपली ओळख वेगाने आणि आवाजाने सांगतो. त्याच्या क्लबाची सहलही बहुधा रविवारी असते, कारण शब्बाथला इंजिनाची ठिणगी पेटवणे शास्त्राला मान्य नाही. कोकणातल्या ज्यूने आपली ओळख सांगितली ती घाणा थांबवून. गावात शनिवारी जो आवाज ऐकू येत नसे, तोच त्याचा तारा.

मुंबईत आल्यावर हे लोक मराठी समाजासारखेच मंडळे काढू लागले. वक्तृत्वोत्तेजक, ग्रंथोत्तेजक अशी नावे ज्या काळी प्रचलित होत होती त्याच काळात, १८८० च्या सुमारास, त्यांचे कीर्तनोत्तेजक मंडळ निघाले आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी-दिंडीत गाइली जाऊ लागली. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये समाजासाठी शाळा काढली. १९१३ मध्ये स्त्री मंडळ स्थापन झाले. करमणूक, मैत्री आणि मदत यांची खाती येथे वेगवेगळी नव्हती. आपले इतिहासकार या मंडळांकडे सुधारणेची साधने म्हणून पाहतात, आणि संध्याकाळी एकत्र जमण्याची साधी हौस त्यांच्या हिशेबात येत नाही. कीर्तन टिकले ते मात्र हौसेवर. इस्राएलमध्ये स्थलांतर केल्यानंतर, तेथील धर्मपीठाने विवाहाच्या प्रश्नावर त्यांच्या ज्यूपणाबद्दलच शंका घेतली आणि १९६४ साली संसदेला त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला, तरी तेथील बायकांनी मराठी कीर्तने गाणे सोडले नाही. १९८७ पासून तेथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही निघू लागले.

या समाजाचा लाडका पुरुष म्हणजे प्रेषित एलिया, त्यांच्या तोंडी ‘एलियाहू हनाबी’. बायबलप्रमाणे तो अग्निरथात बसून स्वर्गाला गेला. बेने इस्राएल मानतात की वाटेत तो कोकणात उतरला होता. अलिबागजवळ सागाव-खंडाळा परिसरात एका कातळावर रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा दाखवतात. त्या जागेला ‘एलियाहू हनाबीचा टापा’ असेच म्हणतात. नवस फेडायला तेथे मलिदा करतात, भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे आणि फळे घालून. इस्राएलमधून सुटीला आलेली कुटुंबे गाडी करून तेथवर जातात आणि मुलांना वाकून त्या चाकांच्या चाकोऱ्यांवरून बोट फिरवायला सांगतात.