त्रिकोणी इंजिनाची गोष्ट

वाफेच्या इंजिनावर जीव टाकणारी माणसं जगभर भेटतात. शिट्टी, धूर, कोळशाची धग.. सगळं कसं जिवंत! डिझेलच्या वाट्याला एवढं कौतुक सहसा येत नाही. ब्रिटनमधलं 'डेल्टिक' मात्र याला सणसणीत अपवाद. एकूण 22 इंजिनं बनली, आणि त्यातली तब्बल सहा आज जतन केलेली आहेत. पहिला नमुना धरला तर सात.

गोष्ट सुरू होते ती समुद्रात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराच्या वेगवान नौका पेट्रोलवर चालत. टाकीला गोळी लागली की भडका. डिझेल तसं चटकन पेटत नाही, पण तेवढ्या ताकदीचं डिझेल इंजिन फार जड व्हायचं. हलकं आणि दमदार असं काहीतरी हवं होतं. हे काम नेपियर कंपनीकडे आलं.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो ना, तेच तत्त्व. हवा इतकी दाबायची की ती भयंकर तापते, मग तेलाचा फवारा मारला की आपोआप पेट घेते. नेपियरने जर्मनीच्या युंकर्स कंपनीची एक युक्ती घेतली. एकाच सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन (शाळेच्या पुस्तकातला दट्ट्या!) ठेवायचे. दोघांच्या मधे स्फोट झाला की दोघं दोन दिशांना फेकले जातात. झडपा नाहीतच. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टनच उघडतात आणि झाकतात. एका टोकाने ताजी हवा आत, दुसऱ्या टोकाने धूर बाहेर.

पण दोन टोकांना दोन क्रँकशाफ्ट लागणार, म्हणजे पुन्हा वजन आलंच. मग तीन सिलिंडर त्रिकोणात जोडले. आता सहा पिस्टनना तीन कोपऱ्यांतल्या तीनच क्रँकशाफ्ट पुरल्या. असे सहा त्रिकोण एकामागे एक, म्हणजे 18 सिलिंडर आणि 36 पिस्टन. ग्रीक 'डेल्टा' अक्षराच्या आकारावरून नाव पडलं डेल्टिक.

एक पेच उरला. धुराची भोकं हवेच्या भोकांआधी उघडायला हवीत, म्हणून धुराकडचा पिस्टन थोडा पुढे पळायला हवा. त्रिकोणात हे गणित काही जुळेना. ॲडमिरल्टीतल्या हर्बर्ट पेनवर्डन यांनी तोड सुचवली: तिघींपैकी एक क्रँकशाफ्ट उलटी फिरवा! झालं, जुळलं.

हे इंजिन रुळांवर आलं 1955 मध्ये. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीने अशी दोन इंजिनं एका गाडीत बसवली. प्रत्येकी 1650, मिळून 3300 अश्वशक्ती. ती थेट चाकं फिरवत नाहीत, जनित्र फिरवतात, आणि त्या विजेवर सहा आसांच्या सहा मोटरी चालतात. तुलनेला त्याच कंपनीचं 1958 चं दुसरं डिझेल घ्या: वजन 133 टन, ताकद 2000 अश्वशक्ती. पुढे बनलेल्या डेल्टिकचं वजन होतं जेमतेम 99 टन.

1961-62 मध्ये ही 22 इंजिनं व्हल्कन फाउंड्रीत बनली. नाव ओळखीचं वाटतं? 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या गाडीची इंजिनं याच कारखान्यातून आली होती. आणखी एक गंमत. काही डेल्टिकना शर्यतीच्या घोड्यांची नावं दिली होती. त्यातला 'तुल्यार' हा 1952 ची डर्बी जिंकलेला घोडा, मालक तिसरे आगाखान. पुण्याचा आगाखान पॅलेस बांधणारे तेच. तुल्यार इंजिन आजही जतन केलेलं आहे.

या 22 इंजिनांनी वाफेची 55 इंजिनं निवृत्त केली आणि 1962 मध्ये लंडन-एडिंबरा प्रवास सहा तासांवर आणला. शेवटची फेरी 2 जानेवारी 1982 ला झाली. नंतर हौशी मंडळींनी पदरमोड करून काही विकत घेतली, आणि 1996 मध्ये 'रॉयल स्कॉट्स ग्रे' पुन्हा मुख्य मार्गावर धावलं.

खरा प्रश्न इथेच आहे. चालू सेवेत इंजिन थकलं की अख्खं उचलून दुसरं बसवत, थकलेलं कारखान्यात जाई. आज हे इंजिन कुणीच बनवत नाही. म्हणजे प्रत्येक फेरीत शिल्लक असलेलंच थोडं झिजतं. 'रॉयल स्कॉट्स ग्रे'साठी तर नॉर्वेच्या आरमाराच्या नौकेतलं इंजिन आणून, फेरफार करून बसवावं लागलं. मग चालवायचं की काचेमागे जपायचं?

संग्रहालयात उभं असलेलं इंजिन अजून शंभर वर्षं टिकेल, हे खरं. पण 36 पिस्टनचं वेळापत्रक कसं जुळवायचं, कुठला आवाज बिघाडाचा, हे हातांतलं ज्ञान उभ्या इंजिनाबरोबर टिकत नाही. ते इंजिन चालवणाऱ्यांकडून शिकणाऱ्यांकडे जातं, नाहीतर संपतं. म्हणून एखादं शांत उभं राहू दे, बाकीची झिजली तरी चालू द्यावीत, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?