थायरॉईड बिघडला की पायांतला जोर का जातो?

अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. १९३६ मध्ये मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. कबड्डीत चढाई करणाऱ्याला क्षणात झेप घ्यावी लागते, तर लांब पल्ल्याच्या धावपटूला तासभर दम टिकवावा लागतो. मांडी दोघांचीही तीच, पण तिच्यातले तंतू दोन स्वभावांचे असतात.

संथ तंतू लालसर असतात. ते ऑक्सिजनच्या मदतीने चरबी आणि साखर जाळतात, म्हणून लवकर थकत नाहीत. जलद तंतू साठवलेले ग्लायकोजेन झपाट्याने वापरतात, जोर देतात आणि दमतात. कोंबडीची तंगडी गडद आणि छाती पांढरट दिसते, ती याचमुळे.

तंतूंचे प्रमाण आनुवंशिकतेवर, व्यायामावर आणि नसांकडून येणाऱ्या संदेशांवर ठरते. त्यात हार्मोन्सही हात घालतात. थायरॉईड ग्रंथी मुख्यतः टी-४ सोडते. स्नायूच्या पेशीत त्यातला आयोडीनचा एक अणू निघतो आणि जोमदार टी-३ तयार होते. ते पेशीकेंद्रात जाऊन संथ प्रकारच्या प्रथिनाचे जनुक दाबते आणि जलद प्रकाराला चालना देते. प्राण्यांवरील प्रयोगांत हे स्पष्ट दिसले आहे. आकुंचनानंतर कॅल्शियम परत ओढणारा पंपही तेच वाढवते.

थायरॉईड कमी पडला की हा पंप मंदावतो. स्नायू आखडतो, पण सैल व्हायला वेळ लावतो. डॉक्टर घोट्यामागे हातोडी मारून पाहतात ते हेच: पाऊल सावकाश मागे येते. गोळे येतात, अंग जड वाटते.

मग थायरॉईड जास्त झाला तर ताकद वाढेल? उलटेच होते. स्नायूंतली प्रथिने झिजतात. मांडी घालून बसलेल्या माणसाला उठताना हात टेकावा लागतो. वजन उतरवायला मनानेच थायरॉईडच्या गोळ्या घेणाऱ्यांचे चरबीबरोबर स्नायूही जातात, शिवाय हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

अमरावती-अकोल्याच्या जिममध्ये चर्चा असते ती टेस्टोस्टेरॉनची. ते दोन्ही प्रकारचे तंतू जाड करते. त्यांचे प्रमाण फारसे बदलत नाही. दीर्घकाळ घेतलेली कॉर्टिसोनसारखी स्टिरॉइड्स मात्र जलद तंतू बारीक करतात.

जिना चढताना पाय भरून येत असतील, तर रक्तातील टीएसएच तपासता येते. थायरॉईडचाच दोष असला तर योग्य उपचारांनी ताकद बहुतेकदा परत येते, पण त्याला काही महिने लागू शकतात.