बाळंतपणानंतर खोकताना लघवी का होते? केगल व्यायाम कसा करावा?

खोकताना, शिंकताना किंवा पाण्याचा हंडा उचलताना थेंबभर लघवी होणे, हा त्रास बाळंतपणानंतर अनेकींना होतो. ‘एवढं तर होणारच’ म्हणून तो अंगावर काढला जातो. कारण असते ओटीपोटाच्या तळाचे सैल पडलेले स्नायू. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना हे स्नायू झोळीसारखे खालून पेलतात. गरोदरपणाच्या भारानेच ते ताणले जातात, त्यामुळे सिझेरियन झालेल्यांनाही हा त्रास होऊ शकतो. पोट बांधून ते बळकट होत नाहीत.

त्यासाठीचा व्यायाम अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अरनॉल्ड केगल यांनी १९४८ मध्ये मांडला. लघवी आणि वारा एकदम रोखल्यासारखे हे स्नायू वर ओढायचे, पाच सेकंद धरायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नये. खाली जोर देणे ही नेहमीची चूक. त्याने ताण उलट वाढतो. लघवी करताना मध्येच थांबवून सराव करू नये. टाक्यांचे दुखणे कमी झाले की सुरुवात करता येते. फरक दिसायला साधारण तीन महिने लागतात.

शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात बाळंतीण लवकर कामाला लागते, मोळ्या उचलते. आशाताई ४२व्या दिवसापर्यंत घरी येतात, त्यांना बाळाच्या वजनाबरोबर हेही सांगावे. अंग बाहेर आल्यासारखे वाटले किंवा तीन महिन्यांनंतरही थेंब येत राहिले, तर शिरूरच्या ग्रामीण किंवा दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे.