बांध, कुंपण आणि शेजारी : महाराष्ट्रातील सीमाविषयक जबाबदारीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

‘बांध कोरणे’ हा शब्दप्रयोग मराठी शेतकऱ्यास समजावून सांगावा लागत नाही. दरवर्षी नांगराच्या एकेका तासाने सामाईक बांध अरुंद होत जातो आणि दोन घरांमधील बोलणे खुंटते. बांध वा कुंपण कोणी राखावे, मोडल्यास कोणी उभारावे आणि वाद झाल्यास कोणाचा शब्द प्रमाण मानावा, हे प्रश्न प्राचीन आहेत. त्यांची उत्तरे कालौघात कशी बदलत गेली, याचा थोडक्यात आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

धर्मशास्त्रातील विचार

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांमध्ये सीमाविवादाचा समावेश आहे. सीमेवर वड, पिंपळ, पळस, सावर यांसारखे दीर्घायुषी वृक्ष लावावेत. शिवाय राख, कोळसा, खापऱ्या, विटा, वाळू अशा सहसा न कुजणाऱ्या वस्तू जमिनीत पुराव्यात, असे तेथे सांगितले आहे. उघड खूण नष्ट झाली तरी गुप्त खूण शिल्लक राहावी, हा त्यामागील हेतू होय. शेत, विहीर, तलाव, बाग आणि घर यांच्या सीमेचा निर्णय मात्र शेजाऱ्यांच्या साक्षीवर सोपविला असून खोटी साक्ष देणाऱ्या शेजाऱ्यास दंड सांगितला आहे.

कुंपणाविषयीचा नियमही लक्षणीय आहे. उंटाला पलीकडचे दिसू नये इतके कुंपण उंच असावे आणि कुत्र्याचे वा डुकराचे तोंड शिरेल अशी फट त्यात राहू नये, अशी अपेक्षा आहे. गावालगतच्या राखीव पट्ट्यात कुंपण नसलेल्या पिकाची जनावरांनी नासधूस केल्यास गुराख्यास दंड नाही. म्हणजे तेथे पीक राखण्याची जबाबदारी प्रथम शेतमालकाची होती. पुढे विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेनेही सीमाविवादाची स्वतंत्र चर्चा केली आहे.

मराठा काळ : गावाची स्मृती

मराठा काळात जमिनीचे व वतनाचे तंटे गोतसभेपुढे येत. निवाड्याचा महजर होई. त्यावर उपस्थितांची नावे येत आणि कुणबी आपली निशाणी म्हणून नांगर काढीत. पुरावा अपुरा पडल्यास दिव्याचाही अवलंब केला जाई. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष विशेष महत्त्वाची मानली जात असे. ज्यास गावकुसाबाहेर ठेवले, त्याच्याच स्मरणावर गावाची सीमा टिकून होती. ही विसंगती या व्यवस्थेचा गौरव करताना विसरता येत नाही. साक्षीत गावाचे ज्ञान होते, तशीच गावाची विषमताही होती.

मोजणी आणि कायदा

इंग्रजी अमलात या स्मृतीची जागा दगड आणि नकाशा यांनी घेतली. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात सुरू केलेल्या काम‍ातून आणि १८४७ च्या संयुक्त अहवालातून मुंबई इलाख्याची मोजणीपद्धती स्थिर झाली. तेहतीस फुटी साखळीने शेत मोजले जाऊ लागले. एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे माप आजही रूढ आहे. प्रत्येक शेतास सर्व्हे नंबर मिळाला व त्याच्या हद्दीवर निशाण्या बसल्या.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने लोकसेवकाने बसविलेली सीमाचिन्हे हलविणे हा गुन्हा ठरविला. २०२४ मध्ये तिची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद कायम आहे. १८७१ च्या गुरे-अतिक्रमण कायद्याने पिकात शिरलेली जनावरे धरून कोंडवाड्यात घालण्याचा अधिकार शेतकऱ्यास दिला. येथे दायित्वाचा भार शेतमालकाकडून जनावराच्या मालकाकडे सरकला.

स्वातंत्र्योत्तर काळात १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने सीमा व सीमाचिन्हे यांसाठी स्वतंत्र प्रकरण दिले. आपल्या जमिनीची सीमाचिन्हे सुस्थितीत राखण्याची जबाबदारी प्रत्येक भूधारकावर आहे. ती नष्ट झाल्यास दुरुस्तीचा वाजवी खर्चही त्याच्याकडून घेता येतो. कलम १४३ नुसार शेतात जाण्यासाठी दुसऱ्याच्या हद्दीवरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदारास आहे. अर्थात बांध हा केवळ विभाजक नाही. तो प्रसंगी रस्ताही ठरतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पूर्वी शेजारी हा सीमेचा साक्षीदार होता. मोजणीनंतर तो प्रामुख्याने प्रतिपक्ष झाला. नकाशामुळे निर्णय अधिक निश्चित झाला आणि साक्षीदाराच्या जातीवर वा वजनावर तो अवलंबून राहिला नाही, हा लाभ निःसंशय मोठा आहे. परंतु सीमेचे ज्ञान कचेरीत गेल्यामुळे ती राखण्याचे सामाईक कर्तव्यही गावातून ओसरले. कायदा प्रत्येकास आपापल्या चिन्हाची जबाबदारी देतो. बांध मात्र दोघांचा असतो.

खरेदीखतातील चतुःसीमेत आजही शेजाऱ्यांची नावे लिहिली जातात आणि मोजणीच्या वेळी लगतच्या कब्जेदारांस नोटीस दिली जाते. शासनाने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘सलोखा’ योजनेत, एकमेकांच्या ताब्यात बारा वर्षांहून अधिक काळ असलेल्या जमिनींच्या अदलाबदलीसाठी नाममात्र शुल्क ठेवले, तेही परस्परसंमतीच्या अटीवरच. शेजाऱ्याची संमती वगळून सीमा निश्चित करता येते, पण ती शांततेने टिकविता येत नाही, हाच या इतिहासाचा बोध होय.