सवाई माधवराव यांचा मृत्यू

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) यांचे गद्य नाटक. लेखन १८९३ च्या सुमारास, प्रकाशन १९०६. मराठीतील राजकीय शोकांतिकांत अग्रगण्य.

ऐतिहासिक आधार : सवाई माधवराव (जन्म १८ एप्रिल १७७४, पुरंदर) हा नारायणरावाचा त्याच्या खुनानंतर जन्मलेला मुलगा. चाळिसाव्या दिवशी पेशवाईची वस्त्रे मिळाली. कारभार बारभाई या मुत्सद्दी-सरदारांच्या मंडळाकडे आणि पुढे नाना फडणिसांच्या एकट्याच्या हाती. हैदराबादेत, काचीगुडा-बरकतपुऱ्याच्या मराठी घरांत, हा पेशवा आठवतो तो खर्ड्यामुळे. ११ मार्च १७९५ रोजी खर्डा (आता जामखेड तालुका) येथे हैदराबादच्या निजाम अलीचा मराठ्यांकडून मोड झाला. त्याचा दिवाण मुशीर-उल-मुल्क याला तहान्वये मराठ्यांच्या स्वाधीन व्हावे लागले व तो पुण्यात अटकेत राहिला. त्यानंतर आठ महिनेही उलटले नव्हते, तोच २५ ऑक्टोबरला पेशवा शनिवारवाड्याच्या माडीवरून कारंज्यावर पडला आणि २७ ला वारला. वय २१. आत्महत्या की तापाच्या भरातला अपघात, याविषयी मतभेद आहेत.

रचना : आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) आणि देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०) यांनी शेक्सपिअरची हॅम्लेट व ऑथेल्लो ही नाटके मराठीत आणली होती. खाडिलकरांनी रूपांतराची वाट सोडली. विचारात गुरफटलेला हॅम्लेटसारखा तरुण ऑथेल्लोला फसवणाऱ्या इयागोच्या तावडीत सापडला तर काय होईल, हा त्यांचा प्रश्न. पेशवा आणि केशवशास्त्री ही जोडी त्यातून उभी राहिली. शास्त्री पेशव्याच्या मनात त्याची पत्नी यशोदाबाई हिच्याविषयी विष कालवतो.

वाणी आणि स्वभावदोष : ‘ज्युलियस सीझर’मध्ये अँटनी प्रेताशेजारी उभा राहून भर चौकात जमाव फिरवतो. केशवशास्त्र्याचा श्रोता एकच, तोही धनी. चौकातल्या भाषणाला कोणी तरी हरकत घेऊ शकतो. कानाशी लागलेल्या माणसाला खोडून काढायला तिसरा माणूस जवळ नसतो. टीकाकारांनी शास्त्र्याच्या कारस्थानाचे फार कौतुक केले. प्रस्तुत नोंदकाराच्या मते खरा अभ्यासविषय ऐकणारा आहे. दुसऱ्याने ठरवलेले मान्य करण्यात ज्याचे सारे बालपण गेले, त्याला ऐकलेले पडताळून पाहण्याची सवय लागणार कोठून? संशय हा त्याचा वरवरचा दोष. पोरकेपण आणि परस्वाधीनता त्याच्या तळाशी आहेत. म्हणून नानांच्या करड्या शिस्तीकडेही या शोकांतिकेची काही जबाबदारी जाते.

प्रयोग : महाराष्ट्र नाटक मंडळीने केले.

पुढील काळ : खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ (१९०७) वर १९१० मध्ये बंदी आली आणि राजकीय नाटककार म्हणून त्यांची चर्चा त्या नाटकाभोवतीच अधिक झाली. इतिहासात मात्र पेशव्याच्या मृत्यूने वारसाचा तंटा उभा राहिला; त्या धामधुमीत मुशीर-उल-मुल्क सुटला आणि खर्ड्याला मिळवलेले बहुतेक सारे निजामाकडे परत गेले.